शनिवारी दहाला शिक्का

सोमवार, २ सप्टेंबर

पोचलो एकदाचे. दोन बॅगा, माझी पत्र्याची ट्रंक, नातीच्या पुस्तकांची सहा खोकी आणि मी. खोक्यांवर तिने नंबर घातले होते. म्हटलं, सातवा माझ्या कपाळावर घाल. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तिला इथल्या कायदा आणि समाज संस्थेत दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळालीय. पीएच.डी. झाल्यानंतरची. म्हणजे शिकून शिकून डॉक्टर झालं की पुन्हा शिकायला बोलावतात. पत्रात लिहिलंय, उमेदीच्या सुरुवातीला असलेल्या अभ्यासकांसाठी. चौतीस वर्षांची घोडी झाली, अजून सुरुवातच चाललीय. तिचा विषय मुलांचा ताबा. आईबाप गेले किंवा भांडले की मूल कुणाकडे जातं, आणि कोर्ट ते कशावरून ठरवतं. यावर चारशे पानं लिहून झालीत, आता उरलेलं लिहायचंय म्हणे. काय उरलं ते मी विचारलं नाही.

मी इथे का, तर मे महिन्यात मागच्या दाराच्या पायरीवरून पडले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून मला एकटी ठेवायला ती तयार नाही. मीही आढेवेढे घेतले नाहीत. थकवा आलाय, खोटं कशाला बोलू.

घर चांगलं आहे. वरचा मजला आमचा. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, मोठी खिडकी, नळाला गरम पाणी. खाली आणखी एक अभ्यासक राहतो. संस्थेची एक बाई किल्ल्या घेऊन आली. नीटनेटकी, गोड बोलणारी, हातात लाकडी पेटी. तिने नातीला निळी वही दिली आणि मला तपकिरी. अभ्यासकाबरोबर घरात जो राहील त्यानेही रोजचं लिहायचं, अशी इथली पद्धत. कायदा कोर्टात कमी आणि घरात जास्त असतो, तो त्यांना घरातूनच गोळा करायचाय. जुनं-नवं, आठवेल ते लिहा म्हणाली. तीन महिन्यांनी समिती दोन्ही वह्या बघते आणि मुदत पुढे चालू ठेवायची का ते ठरवते.

मग तिने एक फॉर्म पुढे केला. संमतीचा. वाचून दाखवू का, म्हणाली. तो सूर मला ओळखीचा आहे. जन्मभर लोकांनी माझ्यापुढे अंगठ्याची शाई सरकवलीय. म्हटलं बाई, माझी चौथी झालीय, मला वाचता येतं. चष्मा ट्रंकेत तळाशी होता. तरी दोन्ही पानं डोळ्यांपुढे धरून ओठ हलवले आणि खाली सही ठोकली. पूर्ण नाव, शेवटी रेघ. नात तेव्हा खोकी मोजत होती.

ओट्याखालचं कपाट घासलं. दाराला आतून कुणीतरी खिळ्याने काहीबाही खरवडून ठेवलंय. लोकांना वळण नाही. त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. आता कसं माणसांचं कपाट दिसतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

खालच्याशी ओळख झाली. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात म्हणून मी लगेच गुडघा पुढे केला. तो बिचारा मागे सरकला. कायद्याचा डॉक्टर निघाला. म्हटलं, एका घरात दोन दोन डॉक्टर आणि गोळी एकाकडेही नाही. त्यालाही हसू आलं. पन्नाशीचा असेल. बोलायला मऊ, पण बोलता बोलता मध्येच थांबतो, जिना उतरताना पायरीच नसावी तसा.

त्याच्या दोरीवर बाईची शाल वाळत होती. जांभळी, काठाला बारीक रफू केलेली. ऊन नीट लागावं म्हणून तो ती उलटसुलट करत होता. घरच्यांची का, विचारलं. म्हणाला, नाही हो, घराबरोबर आलीय. दर बुधवारी धुतो म्हणे. कशाला, तर राहवत नाही.

शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

दहाच्या ठोक्याला संस्थेची बाई आली. चहा नको म्हणाली. टेबलावर रुमाल पसरला, पेटीतून शिक्का काढला, शाईत दाबला आणि लिहिलेल्या प्रत्येक पानावर उठवला. जांभळा, गोल. मग पट्टी लावून ती पानं टरकन फाडली, फाइलीत घातली. तिचं फाडणं बघण्यासारखं आहे. एक दातरा निघत नाही. पानांवर नंबर आहेत, आपण आपल्या हाताने फाडायची नाहीत, हे दोनदा सांगून गेली. आणि मला म्हणाली, आजी, इतकं दाबून लिहू नका, खालच्या पानांवर उठतं. म्हटलं, मी शिवणाच्या मशीनवर हात बसवलाय, हलकं काही जमत नाही.

ती गेल्यावर दुपारभर झोपले. कुणी अंगातून दोरा ओढून घ्यावा तशी झोप.

बुधवार, ११ सप्टेंबर

डावं मनगट ठणकतंय. कधी मुरगळलं कोण जाणे. नातीला म्हटलं तर तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. अगं आजी, तू पडलीस ना मेमध्ये, प्लास्टर होतं, मी सगळं टाकून आले होते. मी हो हो म्हटलं. चोरी सापडल्यासारखं झालं. प्लास्टर! माझ्या हाताला! वय झालं, दुसरं काय.

तीही दमलीय. संचालकांनी तिचा मसुदा परत पाठवला. चांगला आहे पण लांबून लिहिलाय म्हणे. तुमची स्वतःची केस आहे की, ती घाला. डोळ्यांखाली काळं आलंय. जेवणाचं ताट पुस्तकाला टेकवून जेवते, एक घास तोंडात, एक ओळ वहीत.

गुरुवार, १९ सप्टेंबर

नात निळ्या वहीत स्वतःची केस लिहितेय. मला खोदून खोदून विचारलं. सांगून झाल्यावर म्हटलं, मीही लिहिते, समितीला दोन्ही बाजूंनी बघू दे.

माझी मुलगी आणि जावई एकाच गाडीत गेले. पोर चार वर्षांची, त्या दिवशी सर्दी झाली म्हणून माझ्याकडे ठेवलेली. तिच्या काकाने ताब्यासाठी दावा लावला. त्याचं चार खोल्यांचं घर, माझी एक खोली आणि मशीन. न्यायाधीशांनी विचारलं, शिकवाल कशी, तुम्हाला वाचता येतं का. मी म्हटलं, द्या काहीही. त्यांनी समोरचाच कागद दिला. मी एकेक अक्षर लावत वाचला. सगळं कोर्ट थांबलं होतं. माझा घाम कागदावर पडला. मग शिपाई पोरीला काकाच्या बाकाकडे न्यायला आला तर ती त्याच्या हाताला कडकडून चावली. न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. पोर मला मिळाली. घरी आल्यावर चावल्याबद्दल रागावले नाही. अंडं उकडून दिलं.

एक गोष्ट मात्र लिहीत नाही. झोपताना तिला एक सवय होती. ती लिहू नकोस, असं तिनेच सांगितलं; तीही लिहिणार नाही. डॉक्टर झाली ना आता, लाज वाटते.

रविवार, २२ सप्टेंबर

काल दोन्ही वह्यांची जाड जाड पानं गेली. बाई खूश होती.

आज सकाळी नातीने चहा आणून ठेवला आणि विचारलं, तुम्हाला साखर किती.

तुम्हाला.

थट्टा वाटली. म्हटलं, काय गं, सासू झाले का तुझी. ती हसली, पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हसावं तशी. मग चाचरत विचारलं, तुमची राहायची सोय इथे संस्थेनेच केली का. मी म्हटलं, अगं मी तुझी आजी. म्हणाली, हो, आजीच म्हणते की मी, तुमच्या वयाच्या सगळ्यांनाच म्हणते.

कप खाली ठेवला. म्हटलं बस इथे, तुला कोर्टातून कशी आणली ते सांगते. ती नम्रपणे बसली. मी तोंड उघडलं.

काहीच नाही. कोर्ट होतं एवढं माहीत आहे. आत काय झालं, कोण काय म्हणालं, पोर कुठे उभी होती, सगळं धुऊन पुसून कोरं. तिने मला पाणी आणून दिलं. फार जपून, परक्या म्हाताऱ्या बाईला द्यावं तसं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

चार दिवस डोकं चालवतेय. मी चौथी शिकले असेन, पण बिनडोक नाही.

वहीच्या कोऱ्या पानांवर हात फिरवला तर अक्षरं लागली. माझा दाब. नातीची पेन्सिल आडवी धरून घासली. चावली असं वाचलं. अंडं असं वाचलं. अक्षर माझं. वाचलं तर कळतं, पण दुसऱ्याच्या घरची गोष्ट वाचावी तसं. आपलं काहीच वाटत नाही.

म्हणजे असं आहे. या वहीत लिहिलं आणि त्यावर शिक्का बसला की ते आपल्यातून जातं. समोर दिसतं ते राहतं, मागचं जातं. मी मनगट लिहिलं, मनगट गेलं. तिने मला लिहिलं, मी गेले. सहीचंही तसंच घासून वाचलं; तिच्यात काय दिलं ते आता कळलं. वाचून घेतलं असतं तर? जाऊ दे.

खाली गेले. डॉक्टरला सरळ विचारलं, इथे किती वर्षं. अकरा. आणि अजून तुम्ही सुरुवातीचेच? म्हणाला, दर वर्षी समिती मुदत वाढवते, मागे काही उरलं नाही की माणूस सुरुवातीलाच असतो. दोरीवरची शाल कुणाची ते विचारलं. तो शाल हातात घेऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा असा झाला की मीच वर आले.

नातीला म्हटलं, निघू या. म्हणाली, आजी, तुम्हाला जायचं असेल तर मी गाडीत बसवून देते, माझं काम अर्धवट आहे. समजावून सांगायला लागले तर ती निळी वही पुढे ओढून टिपून घ्यायला लागली. वर म्हणते, फार महत्त्वाचं सांगताय, जरा सावकाश. मी ओठ मिटले.

खात्री करून घ्यायला हवी. म्हणून नवरा लिहून काढते, तो गेला तरी चालेल. उंच होता. कान सुपाएवढे. भाजी कधी चांगली झाली म्हणाला नाही, पण दोनदा वाढून घ्यायचा. न्हाणीत शीळ घालायचा, एकच चाल, सतरा वर्षं. त्याचा फोटो ट्रंकेत आहे. शनिवारी बघू.

तिच्याबद्दल उरलेलं एकच आहे. ते इथे लिहायचं नाही. एखादा खिळा कुठे मिळतो बघते.

सोमवार, ३० सप्टेंबर

दमायला झालं. काही न करता.

ट्रंक आवरली. तळाशी एका माणसाचा फोटो निघाला. आधीच्या भाडेकरूंचा राहिला असेल. चेहरा बरा आहे, कान फारच मोठे. फोटोकडे बघताना मी शीळ घालत होते. मला शीळ येते हे मलाच माहीत नव्हतं.

ट्रंक तर माझी आहे. माझ्या ट्रंकेत भाडेकरूंचं कसं येईल?

नात मला तुम्ही म्हणते. कधीपासून ते आठवत नाही. का ते कळत नाही. ती माझी नात आहे हे मला माहीत आहे, दारावरची पाटी माहीत असते तसं. माझ्या उजव्या अंगठ्याला पत्रा लागल्यासारखं कापलंय. तेही कशाने कोण जाणे.

बाई शनिवारी म्हणाली होती, तुमची वही उत्तम चाललीय, असंच लिहीत राहा. बरं वाटलं. मला लिहिण्यावरून कुणी शाबासकी दिली नव्हती.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

कपाटाच्या दारावरचं वर्तमानपत्र सुटलं होतं. खालच्या बाजूने कुणीतरी उचकटून पुन्हा चिकटवल्यासारखं. ओढून काढलं. चष्मा लावला.

खरवडलेली अक्षरं. एकाची नाहीत. चार-पाच हात असतील. कुणाचं तिरकं, कुणाचं लहान पोरासारखं. सगळ्यांचं एकच. लिहू नका. वहीत लिहू नका. तिला सांगा मी होते. हे जरा वर, बारीक, नीट, रफू केल्यासारखं.

आणि अगदी खाली, ताजं, लाकूड अजून पांढरं —

वहीत लिहू नको. शनिवारी जातं. हिला घेऊन जा.

दाबून लिहिलंय. शेवटी रेघ.

माझी रेघ.

मी कधी — अंगठा दुखतोय —

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

बटाटे उकडले. कपडे वाळत घातले. खिडकी पुसली.

एवढंच लिहिणार. एवढं गेलं तरी चालेल.

डॉक्टर खाली शाल पांघरून बसलाय. आज बुधवार नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी नऊ

तिला हाताला धरून कपाटाशी नेलं. खाली बसवलं. वाच म्हटलं. तिने वाचलं. शिकलेली आहे, लगेच पुरावा मागितला. हे तुमचंच अक्षर कशावरून? मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा नाही, मी तुझी आजी आहे आणि माझे गुडघे दुखतायत, मला उठव.

ती उठवायला वाकली. तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. आणि तिचा हात —

आपोआप. तिलाही कळलं नाही. गेला तिथेच गेला. कपाळावर आठी, आणि मग ती आठी सुटली. तशीच बसून राहिली फरशीवर. मग म्हणाली, आजी. मग म्हणाली, तू.

तू म्हणाली.

काय ते तिला आठवत नाही. माणसं, कोर्ट, काही नाही. पण हात खरा आहे म्हणते. जाऊ या म्हणते. खोकी राहू देत. बॅग भरतेय. बाई दहाला येते. साडेनऊला आपण रस्त्यावर असू.

नऊ वीस

बूट सापडत नाहीत तिचे. एक सापडला.

ती म्हणते, आजी, हे एवढं लिहून दे. बाहेर गेल्यावर पुन्हा गेलं तर? माझ्या हातात कागद हवा. मी म्हटलं, अगं लिहायचं नाही. म्हणते, शिक्का बसला तरच ना? पान फाडून बरोबर नेऊ, ते आपलंच राहील. कागदावर असलं की टिकतं, आजी. तिचा जन्म कागदांत गेलाय. घरात दुसरा कागद नाही, सगळी पुस्तकं छापलेली. आणि मला तर कुणी लिही म्हटलं की हात थांबत नाही.

तर लिहिते. भराभर.

झोपताना माझ्या कानाची पाळी धरायची. डाव्या. उजवी दिली तर ढकलायची. दोन बोटांत धरून चोळत राहायची, चोळणं थांबलं की समजायचं, झोपली. कोर्टातून आली त्या दिवशी रात्रभर सोडली नाही, कान लाल झाला. कूस बदलायची सोय नाही. मी कुणाला सांगितलं नाही. मला ते आवड

घंटा.

दहा नाही झाले. नऊ पंचवीस. घड्याळ बघतेय मी. नऊ पंचवीस.

ती दाराकडे गेली. उघडू नको म्हणायला तोंड उघडलं तोवर कडी वाजली. एका पायात बूट. बाईला सांगतेय, दोन मिनिटं थांबा हं, माझी आजी लिहितेय. मोठ्याने सांगतेय. माझी आजी म्हणून.

अगं आत नको घेऊ, पट्टी तिच्याकडे आहे, मला सरळ जमत नाही, पान अजून फाड